अर्लनराव टॉरगर्सन यांनी नावेचे इंजिन थंडीपासून राखिले त्याची हकीकत

चर्चच्या तळघरातील कॉफीसभेने आज्ञा केली की, टॉरगर्सनांचे अंगणात ऑक्टोबरअखेरीस जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत साद्यंत लिहून धाडणे. तिखटमीठ आमचे आम्ही लावून घेऊ. आज्ञा शिरसावंद्य मानून, दोन पेले कॉफी व लिंबाची एक वडी इतकाच ऐवज पदरी घेऊन, लिहिले ते ऐसे.

मिनेसोटा प्रांती, एका सरोवराचे काठी, अर्लनराव टॉरगर्सन म्हणोन मातबर गृहस्थ, टपालखात्यातून निवृत्त. संस्थान म्हणावे तर एक घर, एक गॅरेज आणि 'डचेस' नामे नाव, जिचे पोटात आठ सिलिंडरांचे इंजिन. उन्हाळाभर हे इंजिन सरोवराचे पाणी पिऊन गार राही. मग थंडीची फौज उत्तरेहून उतरली म्हणजे पोटी राहिलेले तेच पाणी गोठून फुगे आणि बिडाचे इंजिन कलिंगडासारखे तडके. गेले साली ऐसेच जाहले. अर्लनरावांनी पाणी काढण्याचे आज-उद्या केले, आणि वसंतात इंजिनाचे कुशीस वीतभर तडा निघाला. तो पाहोन मेकॅनिकाने शीळ घातली. ती शीळ गावभर जाहली, आणि दुरुस्तीत पैका पाण्यासारखा गेला.

सबब बाईसाहेब मार्डेल यांनी फर्मान काढिले, ते शब्दशः: "या वर्षी परत फुटलं ना, तर नाव विकायची. आणि पुढचे सगळे उन्हाळे माझ्या भावाकडे, आयोवात. मका बघत बसायचं."

अर्लनरावांचा बासष्ट वर्षांत एकही उन्हाळा सरोवराविना गेला नव्हता. फर्मान ऐकोन ते खरोखर घाबरले, आणि घाबरलेला शूर जे करितो तेच त्यांनी केले: प्रतिज्ञा. मेकॅनिकास बोलावणे नाही; ही मोहीम जातीनिशी, स्वहस्ते.

शनिवारी सकाळी रेडिओने खबर दिली की आज रात्री पाण्याचा दगड होणार. मग अर्लनरावांनी गाड्यावरील नावेस बागेची नळी जोडिली, आणि इंजिन चालवून तापविले, आणि जुने तेल काढून नवे घातिले, निम्मे इंजिनात व निम्मे विजारीवर, आणि मग इंजिनाशेजारी खबदाडात पालथे पडोन, खाली एकेक बादली ठेवोन, दोन्ही कुशींची पितळी बुचे काढिली. उजवीकडून पाणी धो धो आले, तिकडली बादली काठोकाठ भरली. डावीकडून तीन थेंब आले. अर्लनरावांनी त्या तीन थेंबांस गनिमाची संपूर्ण शरणागती समजोन टोपी उडविली.

हे सर्व कुंपणापलीकडून डेलबर्ट हॉगस्टाड पाहात होते. वय एकोणऐंशी, हयात नावांची इंजिने उघडण्यात गेलेली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी आपली नाव विकली, त्यास तीन वर्षे जाहली. तेव्हापासून दर शरदात लोकांच्या नावांकडे पाहात उभे राहात. तीन थेंब पाहताच त्यांनी ओळखिले की भोकात गंज अडकला आहे आणि डावी कूस अद्याप भरलेली आहे. परंतु या प्रांती कोणास तोंडावर चुकलास म्हणणे म्हणजे त्याचे घरात चिखलाचे बूट घालून शिरणे. ते इतकेच म्हणाले, "असंही करतात म्हणा." या मुलखात याहून मोठी तोफ नाही.

आता येथील दस्तूर ऐसा की, मदत तीनदा देऊ करावी; दोनदा नाकारावी, आणि तिसऱ्यांदा मोठे उपकार केल्यागत पत्करावी.

"हात लावू का जरा?" डेलबर्टराव म्हणाले.

"छे छे, झालंच की."

"तार आहे माझ्याकडे. बारीकशी."

"उगाच कशाला त्रास तुम्हाला!"

"मला काही काम नाहीये, अर्लन."

येथे हो म्हणावयाचे. परंतु अर्लनरावांस ती शीळ आठवली, अक्कल घोड्यावर बसोन निघोन गेली, आणि ते बोलले, "नको. माझं मी करतो."

खिडकीत बाईसाहेबांचे हातचा चमचा गळाला. डेलबर्टराव "बरं तर" म्हणोन घरात गेले आणि दार हळूच लाविले. आपटिले असते तर बरे होते.

मग अर्लनरावांचे लक्ष बादल्यांकडे गेले. एक काठोकाठ, दुसरीचा तळही धड ओला नाही. आणि इंजिनाच्या कुशी तर दोन्ही सारख्या. म्हणजे डावीकडले पाणी आतच होते. भोकात काडी घातली, ती मोडली. स्क्रू ड्रायव्हर घातला, तो शिरेना. उन्हे कलली. तोंड उघडोन मदत मागण्याची चाल त्यांचे सात पिढ्यांत नव्हती, आणि चौथ्यांदा कोणी विचारीत नाही.

तेव्हा बाईसाहेबांनी मसलत दिली. "तू जा आणि त्यांनाच मदत हवी का विचार. पानं गोळा करू का म्हण."

"त्यांच्या अंगणात एक पान नाहीये!"

"मग? जा म्हणते ना!"

अर्लनराव दाताळे खांद्यावर टाकोन गेले. "डेलबर्ट, पानं ओढून देऊ का?"

डेलबर्टरावांनी लखलखीत अंगण न्याहाळिले. "झाली की."

"मागच्या बाजूची?"

"तीही झाली."

अर्लनरावांनी दाताळे जमिनीवर टेकविले. "मला... काही काम नाहीये, डेलबर्ट."

म्हाताऱ्याने शेडकडे पाहिले. मग म्हणाला, "शेडमागे एक पान आहे वाटतं. बरं, एवढा आग्रह करतोयस तर."

मग उभयतां शेडमागे गेले, आणि अर्लनरावांनी ते एक पान रीतसर ओढिले, पिशवीत भरिले, पिशवीस गाठ मारिली. फिटंफाट जाहली. "आता उठलोच आहे तर," म्हणोन डेलबर्टरावांनी खिशातून तार काढिली. ती सकाळपासून खिशातच होती. गुडघ्यांस शिव्या देत ते नावेत चढले, पालथे पडले, आणि तार भोकात घालोन फिरविली. तांबडे पाणी उसळोन बाहीतून थेट काखेत गेले.

"आली! आली रे सटवी!" ऐसे ते ओरडले, आणि पोरासारखे हसले. अर्लनराव शेजारी ओणवे होते, त्यांचे डोळे भरोन आले. ते त्यांनी तेलकट हाताने पुसिले व अधिक चुरचुरविले. मग बुचे परत बसवोन दोघांनी न गोठणारे गुलाबी औषध इंजिनास पोटभर पाजिले.

रात्री थंडीची फौज आली. अंगणात विसरलेली बादली तळापासून फुटली. इंजिनात गोठण्याजोगा थेंब नव्हता, सबब इंजिन शाबूत. बाईसाहेबांनी पहाणी करोन "वाईट नाही" म्हटले, जो या प्रांतीचा सर्वोच्च किताब, आणि भावास फोन लावोन कळविले की आमचे येणे होत नाही.

सकाळी अर्लनरावांनी रिवाजाप्रमाणे, वसंतात आठवण राहावी म्हणोन, सुकाणूस चिठ्ठी बांधिली: "पाणी काढले. बुचे बसवली, औषध भरले. काम स्वहस्ते केले. अर्लन आणि डेलबर्ट."

डेलबर्टरावांनी ती वाचिली. टोपी सारखी केली, घरी जातो म्हणाले, आणि घरी न जाता नावेत चढून आसनावर बसले. अर्लनराव शेजारी बसले. नाव कोरड्या अंगणात गाड्यावर उभी, सरोवर झाडांपलीकडे. तरी दोघे तिकडे तोंड करोन दुपारपर्यंत बसले होते, आणि बाईसाहेबांनी कॉफी तेथेच पोचविली.

ऐसी फत्ते जाहली, ती पाहिली तैसी लिहिली. मोर्तब.