श्रवणसेवा, नग चौदा

"सॉफ्टवेअर निवडायचं म्हणजे एका दुपारचं काम," असं मी गुरुवारी जेवताना बायकोला सांगितलं, आणि वर "लोक उगाच घाबरतात" असंही म्हणालो. हे दुसरं वाक्य मी घासाबरोबर गिळायला हवं होतं.

आधी माझा धंदा सांगतो. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण ऐकलंय नक्की. लिफ्टमध्ये "तिसरा मजला, दरवाजा उघडत आहे" म्हणतो तो मी. बँकेत फोन लावल्यावर "शिल्लक जाणून घेण्यासाठी एक दाबा" म्हणतो तोही मीच. कपड्यांच्या कपाटात चारी बाजूंनी उशा लावून, बायकोच्या कोटाला नाक टेकवून मी हे सगळं बोलतो आणि महिन्याच्या शेवटी बिलं पाठवतो. इतकी वर्षं बिल म्हणजे एक साधा कागद होता. जुन्या बिलावरचं नाव काढायचं, नवं घालायचं, पाठवून द्यायचं. एकदा दातांच्या दवाखान्याला 'मजले, बावीस' असं बिल गेलं होतं. त्यांनी ते निमूटपणे भरलं.

मग नवा नियम आला. आता प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदलं जाणार, त्याला नंबर मिळणार, आणि समोरच्यालाही ते तिथेच दिसणार. कागद बंद. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लिफ्ट बनवणारी कंपनी. त्यांच्या मॅनेजरचा फोन आला.

"शुक्रवारी पाचच्या आत नव्या पद्धतीचं बिल आलं पाहिजे," तो म्हणाला. "नाही आलं तर आमचं मशिन तुम्हाला पुरवठादारांच्या यादीतून काढून टाकतं."

"मशिनला सांगा ना थोडं थांबायला."

"मशिन माझं ऐकत असतं तर मी मॅनेजर कशाला राहिलो असतो? आणि चाळीस मजली इमारतींचं तीन वर्षांचं कंत्राट यादीतल्या माणसालाच मिळणार आहे, एवढं लक्षात ठेवा."

चाळीस मजले, तीन वर्षं! आमचं घर त्या मजल्यांवर उभं होतं म्हणा ना. मी लगेच कामाला लागलो.

बाजारात अशी सॉफ्टवेअरं ढिगाने पडलीत. मी सात उतरवून घेतली. सातही मोफत वापरून बघता येत होती आणि सातही जणांना सुरुवातीलाच एक ग्राहक हवा होता, त्याच्या खऱ्या कर क्रमांकासकट. आता स्वतःचा सोडून मला जगात एकाच माणसाचा कर क्रमांक पाठ आहे, तो म्हणजे सासऱ्यांचा. ते निवृत्त लेखापरीक्षक. अजून दोन दुकानांचे हिशेब तपासतात, म्हणून पोर्टलवर त्यांची नोंदणीही आहे. दरवर्षी त्यांचा कराचा फॉर्म भरताना ते क्रमांक सांगतात, मी टाइप करतो, मग ते पुन्हा सांगतात, मी पुन्हा तपासतो. पाठ न होऊन सांगतो कुणाला?

तर मी नमुन्याचं बिल सासऱ्यांच्या नावाने बनवलं. पण त्यात घालायचं काय? माझी सेवा बोलण्याची, आणि सासऱ्यांसमोर बोलायची संधी मला लग्नानंतर मिळालेली नाही. तेव्हा मी उलटं केलं. ऐकण्याचं बिल लावलं.

सासऱ्यांची एक गोष्ट आहे, वजनकाट्याची. ती मी इतक्यांदा ऐकलीय की झोपेतून उठवलं तरी मधूनच सुरू करीन. म्हणून मी लिहिलं: श्रवणसेवा, वजनकाट्याची गोष्ट, नग चौदा, प्रत्येकी अर्धा तास. योग्य जागी हुंकार देणे, नग दोनशे दहा. हसणे (ऐच्छिक), नग चौदा. गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा ठेवणे, अधिभार वीस टक्के. तासाचा दर बोलण्याच्या दुप्पट, कारण मेहनतही दुप्पट.

पहिल्या सहा सॉफ्टवेअरांनी बिलावर आडवं लिहिलं, 'नमुना'. सातवं सगळ्यात देखणं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'पहिलं बिल मोफत!' मी म्हटलं, हे अगदी मोकळेपणाने वापरून बघू देतायत. बटण दाबलं. हिरवी खूण आली. बाण उडाल्यासारखं काहीतरी पडद्यावरून गेलं. छान वाटलं. हेच सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवून मी कपाटात जाऊन भूमिगत पार्किंगचे तीन मजले रेकॉर्ड केले.

शुक्रवारी सकाळी अकराला बायकोचा ऑफिसातून फोन.

"तू बाबांना बिल पाठवलंस?"

"कसलं बिल?"

"मला विचारतोस? त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. दोनदा. हुंकार दोनशे दहा."

मी खुर्चीत बसलेला होतो तरी आणखी बसलो.

"हसण्याचे वेगळे पैसे लावलेस?"

"ते ऐच्छिक होतं."

"आणि मी तुझं ऐकते त्याचं काय? मी बिल काढलं तर तुला हे घर विकावं लागेल."

"बाबा काय म्हणाले?"

"काही नाही. प्रिंटर कसा चालू करायचा ते विचारत होते."

हे वाईट लक्षण होतं. सासरे फक्त दोनच गोष्टी छापून घेतात: न्यायालयाचे निकाल आणि ज्यात चूक सापडलीय असे कागद.

मी म्हटलं, घाबरायचं नाही, बिल रद्द करू. रद्द करायचं बटण राखाडी होतं. दाबलं की नुसतं थरथरायचं. लिफ्ट कंपनीचं खरं बिल काढायला गेलो तर लाल पाटी आली, 'आधीचे बिल वादात. पुढील क्रमांक उपलब्ध नाही.' घड्याळात बारा. मी सॉफ्टवेअर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"नमस्कार. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

आवाज ओळखीचा वाटला. वाटणारच, माझाच होता. दोन वर्षांपूर्वी हे काम केलं होतं, तेव्हा कंपनीचं नाव दुसरं होतं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, हसत बोला, हसू ऐकू येतं. खरंच येतं. इतकं निर्लज्ज हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

"आपल्यापुढे एकोणसत्तर ग्राहक आहेत," मी मला सांगितलं.

कंपनीला खरं तर वीसपर्यंतच आकडे हवे होते. आकड्यामागे पैसे होते म्हणून शंभरापर्यंत जायचा आग्रह मी धरला होता. दूरदृष्टी ठेवा, असं म्हणालो होतो त्यांना. आता सव्वा तास मी माझ्याकडून उलटी उजळणी ऐकत बसलो. पंचेचाळिसाला मला थोडं खोकल्यासारखं झालंय, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी एक मुलगी आली.

"बोला सर."

मी सगळं सांगितलं.

"सर, तुमचा आवाज रेकॉर्डिंगसारखा येतोय. माणूसच आहात ना?"

"आत्तापर्यंत होतो. हे बिल पुसा ना प्लीज. ती चाचणी होती."

"चाचणी नव्हती सर. मोफत होतं."

"दोन्हीत फरक काय?"

"चाचणीचं बिल जात नाही. मोफतचं जातं. आता पोर्टलवर नोंद झालीय, पुसता येणार नाही. तुमच्या ग्राहकाने हरकतही नोंदवलीय. तुम्ही दुरुस्तीची नोट काढा. ते कारण निवडून मंजूर करतील, मग पुढचा नंबर सुटेल."

"दुसरं सॉफ्टवेअर घेतलं तर?"

"नंबर पोर्टलवर अडकलाय सर. सातही घेतलीत तरी तेच. ग्राहकाशी संबंध कसे आहेत तुमचे?"

"सासरे आहेत."

तिच्या की-बोर्डची टकटक थांबली. मग म्हणाली, "मग प्रत्यक्षच भेटा."

दुरुस्तीची नोट काढून, शहराच्या दुसऱ्या टोकाला सासऱ्यांच्या दारात पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. ते टेबलाशी बसले होते. समोर बिलाची प्रिंट, प्रत्येक ओळीला तांबड्या पेन्सिलीची खूण, बाजूला लॅपटॉप.

"या, जावईबापू. बसा. मी ग्राहक आहे, पण पाणी मीच देतो."

"बाबा, माफ करा. अहो, तो नुसता नमुना होता. गंमत केली मी, ती चुकून तुमच्यापर्यंत आली."

"गंमत ठीक आहे. पण यात त्रुटी आहेत." त्यांनी चष्मा लावला. "हुंकार दोनशे दहा. आधार काय? मोजले कुणी?"

"अंदाजे लिहिले."

"अंदाजे." त्यांनी तो शब्द दोन बोटांत उचलून बाजूला ठेवल्यासारखा उच्चारला. "आणि चौदा वेळा कुठून आणलं? नऊ आहेत."

"नऊ?"

त्यांनी खणातून डायऱ्या काढल्या. एकेक उघडून, कागदाची खूण लावलेली पानं ते वाचत गेले. वर तारीख आणि खाली दरवेळी तेच. 'जावई आले. वजनकाटा सांगितला. हसले.' पुढची डायरी. 'जावई आले. वजनकाटा सांगितला. हसले.' असं नऊ वेळा. एके ठिकाणी 'खूप हसले' असं होतं.

मला आयुष्यात इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. त्या 'खूप'चे मी वेगळे पैसे लावले होते.

"बाबा, सगळं रद्द करू या. ही मी दुरुस्तीची नोट काढली. तुम्ही फक्त कारण निवडून मंजुरी द्या. पाचच्या आत दिलीत तर माझं काम वाचेल." मी त्यांना लिफ्ट कंपनीचं, मजल्यांचं, मशिनचं सगळं सांगितलं.

त्यांनी यादी उघडली. "कारणं तीनच आहेत. 'सेवा मिळाली नाही.' 'सेवा सदोष.' 'रक्कम चुकीची.' यातलं खरं कुठलं?"

"कुठलंही चालेल."

"सरकारी नोंद आहे. कुठलंही कसं चालेल? सेवा मिळाली की नाही हे तपासावं लागेल. गोष्ट सांगा."

"आत्ता?"

"तुम्ही चौदा वेळा ऐकलीय ना?"

चार वाजले होते. मी लिफ्टच्या आवाजात सुरू केलं. तरुणपणी एका गोदामाचे हिशेब तपासताना सासऱ्यांच्या ध्यानात आलं की येणारा प्रत्येक ट्रक बासष्ट किलो जास्त भरतो. माल काहीही असो, जादा बासष्टच. तीन दिवस डोकं खाजवून ते शेवटी काट्यापाशी जाऊन उभे राहिले, आणि पाहतात तर ट्रक काट्यावर चढला की तिथला पहारेकरीही मागून काट्यावर चढून उभा! ट्रकची सावली पडायची तिथे. त्याचं वजन बासष्ट किलो.

इथे मी हसलो. सवयीने.

"पुढे?" सासरे म्हणाले.

"पुढे म्हणजे... संपली ना?"

"पुढे काय झालं?"

मला माहीतच नव्हतं. बासष्ट किलो आले की मी हसायचो, मांडीवर थाप मारायचो आणि "चला, निघतो" म्हणायचो. नऊच्या नऊ वेळा.

"शेवट कुणी ऐकतच नाही," सासरे म्हणाले. "घड्याळ उपडं ठेवा."

मी घड्याळ काढून उपडं ठेवलं. सासरे सावकाश सांगत होते, मध्ये थांबत होते. नियमाने पहारेकऱ्याची नोकरी जायला हवी होती. वर्षभराचा हिशेब त्याच्यामुळे चुकला होता. तो फक्त म्हणाला, साहेब, दिवसभरात सावली तेवढीच मिळते. त्या रात्री सासऱ्यांनी अहवालात लिहिलं, 'काट्यात दोष.' काटा बदलला. आणि त्याच अहवालात आणखी एक ओळ घातली, की काट्याजवळ छप्पर नसल्याने यंत्र तापते, तरी छप्पर करावे. छप्पर झालं.

"पस्तीस वर्षांच्या नोकरीत खोटं एवढंच लिहिलं," ते म्हणाले. "म्हणून म्हणतो, कारण खरं निवडायचं."

मी हुंकार द्यायलाही विसरलो.

त्यांनी पेन्सिल उचलली. "नऊ वेळा सेवा अर्धवट, ती धरता येत नाही. आज पूर्ण झाली. देय अर्धा तास. तेव्हा 'रक्कम चुकीची', हे खरं कारण." त्यांनी ते निवडलं, मंजुरी दिली आणि अर्ध्या तासाचे पैसे तिथेच भरून टाकले.

"बाबा, पैसे कशाला? प्लीज नको."

"बिल खरं असलं की भरायचं. अधिभार तेवढा दिला नाही. आज तुमचा चेहरा खराच होता."

मी घड्याळ सरळ केलं. चार बावन्न. त्यांच्याच टेबलावर लिफ्ट कंपनीचं बिल काढलं, सासऱ्यांनी तपासलं, एक चूक काढली, ती दुरुस्त करून चार अठ्ठावन्नला ते गेलं. यादीत राहिलो. कंत्राट मिळालं.

पुढच्या रविवारी मी आपण होऊन गेलो, फुकटात. सासऱ्यांनी त्यांच्या पेन्शनच्या फायलीची गोष्ट सांगितली. मी शेवटपर्यंत बसलो आणि देवाशपथ सांगतो, अगदी मनापासून हसलो. मग ते चहा आणायला आत गेले आणि टेबलावर डायरी उघडी राहिली. वाचायला नको होती, पण वाचली.

'जावई आले. पेन्शनची फाइल सांगितली. हसले. पडताळणी बाकी.'