साळवेकर डॉक्टरांचे दोन डबे

घरी आलेला माणूस आधी पाणी मागतो. साळवेकर डॉक्टर आधी कोंबडीची शीट मागतात. "ताजी हवी, वहिनी. सकाळची. पाय न पडलेली." हे सगळं चप्पल काढायच्या आत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे येडं कुठून आलं आमच्या पिंपळवंडीत.

डॉक्टर म्हणजे कोंबड्यांचे. आळेफाट्याला एका गॅरेजच्या वर त्यांची छोटी लॅब आहे आणि लॅबच्या मागच्या खोलीत ते राहतात. पासष्टीचे असतील. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि चेहरा कायम हसरा. ते कुणाला 'कसं काय' विचारत नाहीत, 'पोट कसं आहे' विचारतात. येडगावच्या एका लग्नात त्यांनी आहेर देता देता नवरदेवालाच हे विचारलं, आणि ते पोरगं बिचारं खरं सांगून बसलं. एकदा एसटीत कंडक्टरनं पिशवीत काय आहे म्हणून हटकलं. डॉक्टरांना खोटं बोलता येत नाही. नाशिकपर्यंत मागचा अख्खा बाक त्यांना एकट्याला मिळाला.

त्यांचं पालुपद एकच, "चेहऱ्यावर जाऊ नका." म्हणजे कोंबडीच्या. "कोंबडी दुखणं लपवते, वहिनी. खाते, पिते, तुरा लाल दिसतो. पण आत आतड्याचं अस्तर खराब झालेलं असतं. त्यातून रक्तातलं एक प्रोटीन झिरपतं आणि शिटेत उतरतं. ते मला लॅबमध्ये सापडतं. वजन काय, ते सगळ्यात शेवटी घटतं. मर लागल्यावर कुणीही सांगेल, त्याला डॉक्टर कशाला हवा?"

आता माझं सांगते. आमचे हे पिकअप घेऊन मार्केटच्या फेऱ्या करायला लागल्यापासून पोल्ट्रीचं शेड मीच बघते. आधीच्या दोन बॅचना मर लागली, तेव्हा धाकटे दीर, सुभाषभाऊजी, म्हणाले, "वयनी, ही बॅच बिघडली तर पक्षी बंद. शेडात कांदा ठिवू." मी म्हटलं, ठेवून तर बघा. बोलले खरी, पण रोज शेडात पाय टाकला की आधी कुठं पक्षी मेलाय का तेच शोधायचे.

ही बॅच मात्र बघत राहावी अशी होती. तिसऱ्या आठवड्यातच पक्षी भरले होते. डॉक्टर आले, सरळ गुडघ्यावर बसले, खाली अंथरलेलं भाताचं तूस मुठीत घेऊन त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, "पोट बिघडतंय."

भाऊजी हसले. "आवो डाक्टर, पक्षी बगा की राव. कसं तकतकीत हायेत."

"चेहऱ्यावर जाऊ नका," डॉक्टर म्हणाले, आणि पिशवीतून झाकणाचे दोन पांढरे डबे काढून माझ्या हातात दिले. एकात पाण्याच्या लाइनजवळच्या ओल्या कोपऱ्यातली शीट घ्यायची, दुसऱ्यात कोरड्या टोकाची. दुसरा तुलनेसाठी. सकाळी येऊन ते दोन्ही नेणार होते.

सकाळी मी पहिला डबा भरला आणि ओसरीवर ठेवला. तेवढ्यात खाद्याची गाडी आली, म्हणून दुसरा तसाच चुलीपाशी ठेवून पळाले. माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, आयुष्यात कुणाचा डबा घरातून रिकामा जाऊ दिलेला नाही. त्या दिवशी आमच्याकडं मासवडी होती, बेसनाची, आत तीळ-खोबरं भरलेली.

मी येईपर्यंत डॉक्टर दोन्ही डबे घेऊन गेले होते.

"आत्याबाई, चुलीपाशी डबा होता तो?"

"दिला की डाक्टरला. चार वड्या घातल्या, वर कांदा. मान्साचा डबा रिकामा धाडायचा व्हय?"

मी कपाळाला हात लावला. माझं शेड त्या रिपोर्टवर टांगलेलं, आणि हे गृहस्थ लॅबमध्ये मासवडीतलं प्रोटीन शोधत बसणार. फोन केला तर उचलेनात. भाऊजींना तर दिवसभर हसायला विषय मिळाला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पहिल्या डब्यात ते प्रोटीन भरपूर सापडलं होतं. पाण्याची लाइन गळतेय, तूस ओलं राहतंय, त्यानं आतडी बिघडलीत. लाइन दुरुस्त करा, तूस बदला, पाण्यातून औषध सुरू करा. सगळं सांगून झालं.

"आणि दुसरा डबा?" मी खाली मान घालून विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "दुसऱ्यात दोष आढळला नाही. तीळ उत्तम भाजलेले होते."

मग मी राबले. भाऊजीही कुरकुरत का होईना, तुसाची पोती ओढायला आले. डॉक्टर दर चार दिवसांनी यायचे, दर वेळी दोन डबे आणायचे आणि दुसरा 'तुलनेसाठी' म्हणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवायचे. त्यात कधी पिठलं जायचं, कधी भरीत. डबा घासूनपुसून परत यायचा. बोलता बोलता कळलं, बायको वारली आहे, मुलगी बंगळुरात असते, जेवण फाट्यावरच्या खानावळीत. हेही हसतहसतच सांगितलं. एकदा ते शेडात वाकले तेव्हा मला दिसलं, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलेलं होतं. वजन सगळ्यात शेवटी घटतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मला वाईट वाटलं आणि रागही आला. गावभर पोटं विचारत फिरणाऱ्या या माणसाचं पोट कुणी विचारू नये?

पक्षी उचलायला गाडी आली. मर जवळजवळ नाहीच, वजनं झकास. दुसऱ्या दिवशी भाऊजी कांदा विसरून शेडला मारायला चुना घेऊन आले, म्हणजे पुढची बॅच नक्की. आम्ही दोघांनी शेड झाडून धुऊन काढलं.

चुना कालवत होतो तर फाटकात डॉक्टर उभे. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन डबे.

"नमुना घ्यायला आलो."

"डॉक्टर, काल पक्षी गेले. शेडात पीससुद्धा नाही."

"हो. खरंच की," ते म्हणाले. पक्षी उचलायचा दिवस त्यांनीच तर आम्हाला ठरवून दिला होता. त्यांनी एक डबा पिशवीत टाकला. दुसरा हातातच राहिला. शर्टाच्या खिशातून धुतलेला चमचा डोकावत होता.

भाऊजी काहीतरी बोलणार होते, मी त्यांना डोळ्यानं गप्प केलं. डॉक्टरांच्या हातातला डबा घेतला आणि आत हाक दिली, "आत्याबाई, डॉक्टरांचं पान वाढा. रोज इथंच जेवतील ते. आणि रात्रीसाठी हा डबा भरा."

"अहो वहिनी, कशाला, माझं तिकडं व्यवस्थित चाललंय," डॉक्टर म्हणाले. नेहमीसारखे हसत होते. मी चेहऱ्यावर गेले नाही.