गंजाचे दुश्मन सुभेदार धायगुडे

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सुभेदार धायगुडे आले ते थेट कार्यालयाच्या छताकडं बघतच. आग विझवायच्या पाण्याचा एक लाल पाइप वरून गेला होता. त्यांनी त्याच्याखाली खुर्ची ओढली, तिच्यावर चढले, बोटाच्या पेरानं पाइपावर तीनदा टकटक केलं आणि कान लावला. मंगलाष्टकं चालू होती. भटजी अडखळले. सुभेदार खाली उतरून माझ्या वडिलांना म्हणाले, "आवं, आतनं सडलाय ह्यो. पाव्हण्यास्नी जरा भिताडाकडंला बसवा."

वडिलांना वाटलं, हा माणूस मुलाकडचा. त्यांनी घाबरून दोन रांगा खरंच भिंतीकडं सरकवल्या.

तो माणूस आमच्याकडचा होता. सांगलीजवळ माधवनगरच्या पुढं बेदाण्याचं एक शीतगृह आहे. तिथं मी स्टोअर सांभाळतो आणि सुभेदार सुरक्षा अधिकारी आहेत. गाव खंडाळा तालुक्यातलं. फौजेत दारूगोळ्याच्या डेपोत ते आग विझवणाऱ्या तुकडीत होते. निवृत्त होऊन इथं आले, पण मिशीला अजून निवृत्ती मिळालेली नाही.

आमच्या शीतगृहात छताखाली पाइपांचं जाळं आहे. आग लागली की त्यातून पाण्याचे फवारे उडणार. पण आतल्या थंडीत पाणी गोठेल, म्हणून पाइपात नेहमी दाबानं हवा भरलेली असते आणि पाणी बाहेर व्हॉल्व्हमागं थांबलेलं असतं. आता सुभेदारांचं म्हणणं असं, की चाचणीनंतर पाइपात थोडं पाणी उरतंच. त्यात रोज ताजी हवा मिळाली की गंजाची चैन होते.

"आक्सीजन मानसाला लागतो गड्या, लोखंडाला न्हाई," ते मला सांगत. "त्याला हाकला. नायट्रोजन भरा. गंज उपाशी मरतोय का न्हाई बघा!"

हे ते मला सांगत, फिटरला सांगत, चहावाल्याला सांगत. स्कूटरच्या चाकात त्यांनी नायट्रोजन भरून घेतला होता. एकदा पंक्चर झालं, तर हवा भरणाऱ्याला म्हणाले, "साधी भरू नगंस, ढकलत नेतो." आणि भर उन्हात चार किलोमीटर ढकलत नेली.

दर महिन्याला त्यांचा अर्ज जाई. विषय ठरलेला: नायट्रोजन यंत्र मिळणेबाबत. आमचे चेअरमन आबासाहेब तो अर्ज शांतपणे वाचत आणि दर वेळी पाइपांना रंग मारायचा हुकूम देत. सुरक्षा सप्ताह आला की रंग, तपासणी आली की रंग. शेवटी पाइप रंगानं जाड आणि लोखंडानं बारीक झाले.

एकदा आबासाहेबांनी त्यांना समजावलं. "सुभेदार, हवेत नायट्रोजनच जास्त असतो म्हणता ना? मग आपण तोच भरतोय की. राहिलेल्या थोड्या ऑक्सिजनशी जमवून घ्या. मी नाही का बैठकीत विरोधकांशी जमवून घेत?"

"साहेब," सुभेदार म्हणाले, "तुमचं इरोधक भजी खात्यात. ह्यो पाइप खातो."

त्या महिन्यात पाइपांना दोन हात रंग बसला.

मग एका दुपारी तीन नंबरच्या खोलीत जे व्हायचं ते झालं. गंजलेल्या पाइपाला भोक पडलं. हवा निघून गेली. बिचाऱ्या व्हॉल्व्हला वाटलं आग लागली; त्यानं आज्ञाधारकपणे पाणी सोडलं. ते भोकातून बेदाण्याच्या खोक्यांवर कोसळलं. आम्ही पोहोचलो तोवर बेदाणा फुगून पुन्हा द्राक्ष व्हायच्या बेतात होता.

आबासाहेब लालबुंद झाले. "आजवर आगीनं एक खोकं जळलं नाही आणि ह्या यंत्रणेनं बघा! बंद करा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह. कायमचा!"

सुभेदारांनी फिटरला घेऊन संध्याकाळपर्यंत फुटका तुकडा बदलला आणि यंत्रणा पुन्हा चालू केली. मग तो मुख्य व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्याच्या चाकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर व्हॉल्व्हसमोर स्टूल टाकून बसलेले. शेजारी डबा.

"तुम्ही रजेवर जा," आबासाहेब म्हणाले.

"ड्युटीवर हाय, साहेब."

"नोकरी जाईल!"

"जाऊ द्या. पर ह्यो बंद झाला, तर आत एक बी मानूस कामाला पाठवायचा न्हाई."

आठवडाभर हे चाललं. आबासाहेब जाता-येता बघत, सुभेदार उठून सलाम ठोकत, पुन्हा बसत. मी डब्यातली भाकरी वाटून घ्यायला म्हणून जाई. खरं तर मला भीती वाटायची, की हा माणूस उद्या नसेल.

मग विम्याचे साहेब पाहणीला आले. पाइप बघून म्हणाले, "रंग छान आहे."  सुभेदार त्या दिवशी कापून काढलेला तुकडा घेऊन आले आणि आबासाहेबांच्या टेबलाच्या काचेवर उभा आपटला. आतून वाटीभर तपकिरी चिखल बाहेर आला आणि सत्कार समारंभाच्या निमंत्रणपत्रिकांवर पसरला. सत्कार आबासाहेबांचाच होता.

विम्याच्या साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "बाकीचे असेच असतील, तर मी सही करत नाही."

पंधरा दिवसांत खराब पाइप बदलले. महिन्याभरात यंत्र आलं.

उद्घाटनाला मांडव घातला. यंत्राला हळदकुंकू लागलं. आबासाहेब बोलायला उभे राहिले. "नायट्रोजन हे माझं जुनं स्वप्न! शेतकऱ्यानं उसाला युरिया घातला, आपण पाइपाला नायट्रोजन घातला!" टाळ्या पडल्या. सुभेदार स्टेजवर नव्हते. ते यंत्राच्या खोलीचं दार धरून उभे होते आणि आतल्या भटजींना सांगत होते, "आवं, आटपा लवकर. ह्यो ग्यास कोंडला, तर मानूस गप पडतोय." भटजींनी आरती दोन कडव्यांत उरकली.

मला वाटलं, आता सुभेदार निवांत होतील. त्यांची लढाई संपली.

त्यानंतर एकदा मालाचा ताळमेळ लागेना, म्हणून मी सहानंतर थांबलो. बाहेर आलो तर फाटकाशी बेदाणा निवडणाऱ्या बायका रांगेत उभ्या. साडीवर स्वेटर, डोक्याला रुमाल. समोर सुभेदार वही घेऊन नावं वाचत होते.

"शकीलाबी."

"हाय, साब."

"रंजना." उत्तर नाही. "रंजना?"

वही मिटून ते आत धावले. मी त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं. रंजना हात धुवायच्या नळापाशी लेकीशी फोनवर बोलत होती.  सुभेदार भिंतीला हात टेकून दम खात राहिले.

मी विचारलं, "हा कुठला नियम आहे?"

"न्हाई वो, नियम कसला? आत गेलेलं मानूस भायेर आलं का न्हाई, कुनीतरी बघाया नगं?" मग खाली बघून म्हणाले, "फौजेत रोज सांजच्याला गिनती व्हायची. घरी आलो तर ही वाट बघायची. आता ही न्हाई. मी पोचलो काय, न पोचलो काय. कुलूप काढतो, आत जातो."

शकीलाबी मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि रिक्षात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबलो. नावं संपली. बायका हलल्या नाहीत. शकीलाबी पुढं झाली, सुभेदारांच्या हातातली वही तिनं घेतली आणि शेवटच्या नावाखाली रंजनाकडून एक ओळ लिहून घेतली. मग बोट ठेवून मोठ्यानं म्हणाली, "धायगुडे रामचंद्र."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या. 

शकीलाबीनं पुन्हा नाव घेतलं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पण एकही बाई जागची हलली नाही.

"हाजिर," सुभेदार म्हणाले.