रुमालाखालची डुलकी

हळदीचे व्यापारी रायगोंडा यांचा रक्तदाब वाढला होता. अशाच दुखण्यानं त्यांच्या थोरल्या भावाचं तोंड वाकडं झालं होतं. त्यामुळे चंपाबाईंनी धसका घेतला आणि नवऱ्याला सांगलीच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. डॉक्टरांनी रक्तदाब उतरवणाऱ्या, पण गुंगी आणणाऱ्या सर्पगंधेच्या पुड्या दिल्या. "एक सकाळी, एक रात्री निजताना. चुकवू नका," एवढं सांगून त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

अडचण एकच होती. रायगोंडा जैन. दिवस मावळल्यावर ते पाण्याचा थेंबही तोंडात घालत नसत. डॉक्टरांनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. घरी येऊन त्यांनी स्वतःच तोड काढली. रात्रीची पुडी सकाळच्या पुडीतच मिसळून घ्यायची.

"आवं, रातच्या पुडीचं काय?" चंपाबाई विचारायच्या.

"ती कवाच घेतली."

उजेड असताना घेतली असेल, असं त्या समजायच्या. नवरा दुपारभर घोरायचा, तेव्हा औषध लागू पडलं म्हणून त्यांना बरंही वाटायचं.

मग हळदीच्या सौद्याचा दिवस आला. सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. नको असेल तर हात काढून घ्यायचा. हात राहिला, तर माल घेतला.

त्या दिवशी एक ढीग किडक्या हळदीचा होता. सगळ्यांनी हात काढून घेतले. शेवटी अडत्या रायगोंडांकडे आला. रायगोंडांनी हात घातला आणि रुमालाच्या उबेत त्यांचे डोळे मिटले. अडत्यानं बोट दाबलं. हात हलला नाही. त्यानं भाव चढवत आणखी एक दाबलं. तरी हात तिथंच.

"झाला सौदा!" अडत्या ओरडला.

रायगोंडा दचकून जागे झाले. एरवी त्यांनी बाजार डोक्यावर घेतला असता. पण अंगात दोन पुड्या होत्या, आणि बोटांचा शब्द आजवर त्यांनी कधी फिरवला नव्हता.

"बरं," ते म्हणाले.

त्या "बरं"नं बाजार गार पडला. नानासो व्यापारी जवळ सरकले. "आण्णा, काय बातमी हाय? हळद चढनार न्हवं?"

"बातमी कसली? मी झोपलो हुतो."

"झोपला हुता! आमी काय दुधखुळं हाय व्हय?"

"आरं, माल किडका हाय गड्या. बघ तरी."

"किडका म्हनून आमास्नी हाकलताय व्हय? ते काय न्हाई, ढीग मला द्या. वर दोन पैसं घ्या, पन द्या."

रायगोंडांनी शपथ घेऊन खरं सांगितलं. तशी नानासोंची खात्रीच पटली. शेवटी ढीग त्यांनी नेला.

घरी मात्र चंपाबाईंचा पहिल्याच शब्दावर विश्वास बसला. "भर सौद्यात झोपला? पुड्या कशा घेता, सांगा बघू!"

दुसऱ्या दिवशी दोघांनी डॉक्टरांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, दोन्ही एकदम घेऊन भलतंच झालं असतं! रात्रीची पुडी संध्याकाळच्या जेवणाबरोबर, उजेडातच घेतली असती तरी चाललं असतं. मला सांगायचं नाही?"

"तुमी इचारलं कुठं?" चंपाबाई म्हणाल्या.

पुढच्या रोग्याला डॉक्टरांनी आधी विचारलं, "तुम्ही जेवता कधी?"

पुढच्या सौद्याला रायगोंडा टक्क जागे होते. पुन्हा एक किडका ढीग आला. त्यांनी लगेच हात काढून घेतला. अडत्या शेजारच्या नानासोंकडे वळला.

नानासो खांबाला टेकून बसले होते. डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, हात रुमालाखाली. मधूनमधून ते घोरूनही बघत होते.

अडत्यानं एक बोट दाबलं. मग आणखी एक.