आत्याचा पहिला टप्पा

ऑकलंडहून संगणकाचा डिप्लोमा घेऊन मी, पिसिला, आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफात, विमान कंपनीच्या तिकीट कचेरीत रुजू झाले आणि टेबलावरचं यंत्र बघून मला हसूच आलं. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. माउस नाही, चित्र नाही, काही नाही! हे शिकायला मला दुपारपर्यंतचा वेळ पुरे, असं मी फुसीबाईंना ऐकवलं. फुसीबाई त्या पडद्यासमोर एकोणीस वर्षं बसलेल्या. त्यांनी नुसता एक पुठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

पुठ्ठ्यावर त्यांनी सगळ्या खुणा हातानं लिहिल्या होत्या. एक्स म्हणजे रद्द. ई म्हणजे केलेलं कायम. आय म्हणजे केलेलं सगळं विसरून जा. ई दाबायच्या आधी दहापर्यंत आकडे मोजायचे, असं त्यांनी बजावलं. पुढे त्या आणखी काही समजावणार होत्या, पण मी म्हटलं, "समजलं." माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग शब्द तो!

माझ्या भावाचं, केपूचं, शनिवारी ऑकलंडला लग्न होतं. आई दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे आमच्या बाजूची धावपळ माझ्यावर. आमच्यात लग्नात सगळ्यात वरची जागा नवऱ्यामुलाच्या आत्याची. तिच्या खुणेशिवाय ताटाला कुणी हात लावत नाही, पाद्रीसुद्धा तिच्या चेहऱ्याकडे बघून प्रार्थना आवरतो. आमची आत्या राहते वावाऊ बेटावर. तिचं तिकीट मीच काढलं होतं. वावाऊहून छोट्या विमानानं इथं, इथून मोठ्या विमानानं ऑकलंड. आत्याला मी नेते, तुम्ही निर्धास्त राहा, असं मी साऱ्या खानदानात सांगत सुटले होते.

आठवडाभर आधी आत्याचा फोन आला. छोट्या विमानात ती पाऊल ठेवणार नव्हती. मागच्या खेपेला तिला सगळ्यांदेखत वजनकाट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला होता, आणि मागे रांगेत पाद्री उभे होते.

"मी बोटीनं येते. तो पहिला टप्पा तेवढा काढून टाक. बाकीच्याला हात लावू नकोस."

मी पुठ्ठा पाहिला. एक्स आणि त्याच्यापुढे एक उभी रेघ, 'पहिला टप्पा रद्द.' फुसीबाईंचा इंग्रजी एक म्हणजे नुसती रेघ! मी ती आय समजले. एक्स, आय. पडद्यानं 'रद्द' असं कळवलं. रद्दच तर करायचं होतं! आकडे कोण मोजत बसतो? दाबला ई. पुठ्ठ्यावर त्याच्या खालीच आणखी एक ओळ होती, एक्स आणि आय, 'सगळा प्रवास रद्द.' तिथवर माझी नजर गेलीच नाही.

बुधवारी आत्या बोटीवरून थेट कचेरीत आली. कमरेला आमच्या रिवाजाप्रमाणे सणावाराची चटई बांधलेली, मागे हमालाच्या खांद्यावर आहेराच्या चटयांची ही थोरली गुंडाळी. गुरुवारचं विमान होतं. मी तिचं नाव घातलं. नाही. आडनाव आधी घालून पाहिलं. नाही. फुसीबाई उठून आल्या, चार कळा दाबल्या आणि हळूच म्हणाल्या, "सगळाच प्रवास रद्द केलास गं."

त्या आठवड्यात ऑकलंडला चर्चचं संमेलन. वेटिंगवर चाळीस माणसं. सुटलेली जागा यंत्र परस्पर पुढच्या माणसाला देऊन टाकतं, कुणाला विचारत नाही. पुढचं विमान सोमवारी, म्हणजे लग्नाची उष्टी निघाल्यावर.

त्याच विमानात माझीही जागा होती; ती आत्याला द्यायची, मी ठरवलं. पण तिकिटावरचं नाव यंत्र बदलू देईना. मग काय, आपली जागा सोडायची आणि लगेच आत्याच्या नावावर घ्यायची, सोपं! फुसीबाई "थांब" म्हणेपर्यंत माझं ई दाबून झालं होतं. जागा सुटली आणि चर्चच्या गायकांपैकी एका ढेरपोट्या गृहस्थांनी ती पटकावली. मी घाबरून आय दाबला. विसरून जा! पडद्यावर उत्तर आलं, विसरण्यासारखं काही नाही.

तेवढ्यात दारातून एसिताबाई आल्या. या नवरीच्या आत्या. महिनाभर वेटिंगवर पहिल्या. आत्याची सुटलेली जागा त्यांना मिळाल्याचा निरोप गेला होता. "देवानं ऐकलं माझं," म्हणाल्या. त्यांचं तिकीट मी माझ्या हातानं छापलं, आमच्या आत्यासमोर. आत्यानं कमरेची चटई सारखी केली, हमालाला खूण केली आणि बोटीकडे चालू लागली.

लग्नाचे फोटो आले. सगळ्यात वरच्या, आत्याच्या जागी एसिताबाई, आमच्या बाजूला बहिणीची जागाही रिकामी. मी शरमेनं मेले. फोटो घेऊन वावाऊला गेले, तेव्हा आत्यानं एकेक नीट पाहिला आणि परत पाकिटात घातला.

वर्षभरानं केपूला मुलगी झाली. भावाच्या लेकराचं नाव ठेवायचा मान बहिणीचा, म्हणजे माझा. मी नाव केव्हाच ठरवलं होतं. आईचं. तेच केपूला कळवायच्या तयारीत होते, तर आत्याचा फोन. नाव तिनं ठेवलं होतं. स्वतःचं.

"आत्या, तो मान माझा होता," मी म्हटलं.

"होता. पहिल्या लेकरापुरता मी तो रद्द केलाय. दुसऱ्यापासून तू ठेव," आत्या म्हणाली. "पहिला टप्पा रद्द केला म्हणून सगळा प्रवास रद्द करायचा नसतो. मला फरक कळतो."

मी लगेच केपूला फोन लावला आणि दुसऱ्याचा काय विचार आहे, असं विचारलं. तो म्हणाला, विचार झाला, एकच पुरे.

आईचं नाव अजून वेटिंगवरच आहे.