कमरुद्दीनचाचांचा शुक्रवार

कुवेतच्या उन्हाळ्यात अंगावर बनियनही नकोसं होतं. कमरुद्दीनचाचा मात्र दर शुक्रवारी काळा लोकरी कोट घालून बसत. "ज्याचा दावा कोर्टात आहे, त्यानं उघडं बसू नये," म्हणत. कोर्ट मुंबईला, चाचा मिरकाबमधल्या आपल्या खोलीत. तरी कोट हवाच.

दावा इथल्या आम्हा सगळ्या कोकणवाल्यांचाच होता. मुंबईच्या एका कंपनीचा एजंट आला होता. आमच्याच रत्नागिरीकडचा, गोड बोलणारा. एकदा रक्कम भरा आणि म्हातारपणी मरेपर्यंत दरसाल वर्षासन घ्या. तो चाचांच्या दस्तरखानावर जेवला, गावाकडच्यांची नावं सांगितली, म्हणून कोणी कागद वाचलाच नाही. दोरखंडाच्या दुकानावर उभा राहिलेला मी माणूस. शर्कच्या बाजारातले मासेवाले मला पाहून टोपली झाकतात. आयुष्यात तेवढा एकच सौदा मी घासाघीस न करता केला आणि तोच बुडाला. ते मला अजून पचलेलं नाही.

शुक्रवारी नमाजनंतर आम्ही जमलो की चाचा विचारत, "कायदा काय म्हणतो?" आणि स्वतःच पाटावर तीन मासे मांडत.

"हा हामूर. कंपनी मोडायला कोर्टानं नेमलेला साहेब. त्याच्यापुढे आपला दावा. ही झुबैदी. एजंटावर फसवणुकीची फिर्याद. आणि हा बांगडा म्हणजे डायरेक्टर. त्यांच्या घरादारातून वसुली."

"बांगड्याला काटे फार हो, चाचा."

"म्हणून तर वकील लागतो!"

मग तिन्ही मार्ग ते तव्यावर टाकत आणि आम्ही भाताबरोबर खात असू. वकिलाचीही पोळी पिकत होती. दावा तेवढा हलत नव्हता.

शेवटी डायरेक्टरांनी तडजोड मांडली. रुपयाला चार आणे. मी भांडून ती सहावर आणली. अट एकच, सगळ्यांनी सही करून दावा मागे घ्यायचा. चाचा सोडून सगळ्यांनी केली. चाचा म्हणाले, "कायदा सोळा आणे म्हणतो."

माझं डोकं फिरलं. मंगळवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्या खोलीवर धडकलो.

कोट खुंटीला होता. चाचा लुंगीवर बसून खुबूसची कोरी रोटी चहात बुडवून खात होते. स्टोव्ह गार.

"स्वयंपाक?"

"एकट्यासाठी कोण स्टोव्ह पेटवतो?"

चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. मी आणलेल्या शिव्या तोंडातच राहिल्या.

"चाचा, सोळा आणे या जन्मात मिळणार नाहीत."

"म्हाइत हाय रे." त्यांनी खुबूसचा तुकडा बशीत ठेवला. "पण सही केली की दावा मिटला. मग तुम्ही लोक शुक्रवारी कशाला याल इकडं?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

मग चाचाच म्हणाले, "सही करतो, शेठ. पण मासे तू आणायचे, भाव पाडून. दर शुक्रवारी. कबूल?"

मी एजंटानंतर कोणाची पहिली बोली मान्य केली नव्हती.

"कबूल," मी म्हटलं.