आधी कोण गेलं?

"एकही तारा दुसऱ्याला धडकत नाही! दिपोटीसाहेबांच्या डोळ्यांदेखत दाखवतो!" केशव मास्तर छाती फुगवून म्हणाले, तेव्हाच त्यांना कुणीतरी खाली बसवायला हवं होतं.

पण हिर्डोशीत मास्तरांना बसवणार कोण? भोरहून येताना त्यांनी मासिकातलं एक चित्र आणलं होतं. दोन तारकाविश्वं, चकलीसारखी वळलेली, एकमेकांजवळ आलेली आणि एकाचा पदर दुसऱ्याकडे ओढला गेलेला! मास्तर चित्र बघत बसले की पुढ्यातला चहा गार व्हायचा. "काय देखणं आहे हो! हळूहळू दोन्ही एक होणार, तरी तारा ताऱ्याला धडकणार नाही!"

गावात मात्र वरची वाडी आणि खालची वाडी एक व्हायला तयार नव्हत्या. देवळापुढं गौरीचा फेर आधी कुणी धरायचा, यावरून बोलणंच बंद! पोरंसुद्धा एका शाळेत बसेनात. शाळा तपासणाऱ्या दिपोटींनी बजावलं होतं, "गौरीला येतो. दोन्ही वाड्या एका अंगणात दिसल्या तर शाळा राहील, नाहीतर उचलून शिवऱ्याला नेतो!"

मास्तरांना चित्र आठवलं. दोन तारकाविश्वं, दोन फेर! तसेच एकमेकांत मिसळवायचे! ते तडक वरच्या वाडीत, तिथल्या फेराच्या म्होरक्या सगुणाबाईंकडे गेले.

"ह्यात आदी कोन कुनाकडं गेलं?" सगुणाबाईंनी चित्र बघून विचारलं.

"कुणीच नाही. दोघांनाही ओढ लागते."

"आसं कुठं आस्तंय व्हय? कुनीतरी आदी गेलंच आसंल. आमी न्हाई जानार!"

खालच्या वाडीच्या म्होरक्या फुलाबाईही तेच म्हणाल्या, वर चित्र देव्हाऱ्यात ठेवायला मागू लागल्या. शेवटी मास्तरांनी दोन्हीकडं शब्द दिला, "तुम्ही जागच्या हलू नका. समोरच्या येतील!"

गौरीच्या दिवशी दोन्ही फेर देवळापुढं रंगले. काय त्या बायांचा ठेका! पण दोन्ही फेर जागच्या जागी. कुणी तसूभर सरकेना. तास गेला. दिपोटी घड्याळ काढून बघू लागले. मास्तरांना शाळेचा फळा बैलगाडीत चढताना दिसू लागला.

एवढ्यात फुलाबाईंनी भोंगवलीचं गाणं धरलं. सगुणाबाई थबकल्या. दोघींचं माहेर भोंगवलीच! पुढची ओळ त्यांच्या तोंडून आपसूक निघाली, हात पुढं झाला, आणि हाताला धरलेल्या बाया मागोमाग ओढल्या गेल्या. तिकडून फुलाबाईंची रांग सुटली. अगदी चित्रातला पदर! बाया एकमेकींमधून अशा सरसर निघाल्या की कोपराला कोपर लागलं नाही.

मास्तरांचे डोळे भरून आले. "अहाहा! साहेब, बघा, एक तरी धडकतेय का?" असं ओरडत ते धावत मधोमध गेले.

डावीकडून फुलाबाई, उजवीकडून सगुणाबाई! मास्तरांची टोपी देवळाच्या पायरीवर आणि मास्तर शेणसड्यावर!

फेर थांबला. "आदी तूच आलीस!" फुलाबाई म्हणाल्या.

"म्या? तूच आलीस की!"

झालं! दोन्ही वाड्यांनी कंबरा कसल्या. मास्तरांना फळा पुन्हा बैलगाडीत चढताना दिसला. तेवढ्यात सगुणाबाईंची नजर खाली गेली.

"आगं, आदी ह्ये मास्तर आलं की मदी!"

"व्हय की! आदी मास्तरच!" दोन्ही वाड्यांचं कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं. हसता हसता बायांनी एकच मोठा फेर धरला. इतका सुंदर की मास्तर उठायचंच विसरले.

दिपोटी पोट धरून हसत जवळ आले. "मास्तर, शाळा राहिली! पण यात कुणी धडकत नाही म्हणाला होतात ना?"

"तारे नाही धडकत, साहेब," मास्तर नाक चाचपत म्हणाले. "मध्ये मास्तर शिरला तर काय होतं, ते मासिकात दिलेलं नाही."